रोग कोणाचे आणि परतावा कोणाला?

अर्थशास्त्रात ‘यील्ड’ हा शब्द प्रामुख्याने दोन ठिकाणी भेटतो. सरकारी रोख्यावर गुंतवणूकदाराला शेकडा किती परतावा मिळतो हे सांगताना तो वापरतात, आणि एकरी किती क्विंटल पीक उतरले हे सांगतानाही तोच वापरतात. गेल्या काही दशकांत हा शब्द तिसऱ्या एका ठिकाणी येऊन बसला आहे, आणि तेथे तो कोणालाही खटकेनासा झाला आहे. ते ठिकाण म्हणजे वैद्यकीय विद्यार्थ्याचे अभ्यासाचे टेबल. ‘हाय-यील्ड’ विषय म्हणजे कमीत कमी तास खर्चून जास्तीत जास्त गुण मिळवून देणारा विषय. कोणता रोग अभ्यासावा आणि कोणता सोडून द्यावा हे ठरवताना तो रोग किती माणसांना होतो, वेळेवर ओळखला तर त्यांतली किती वाचतात, हे पाहिले जात नाही. मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत त्यावर किती प्रश्न आले, एवढेच पाहिले जाते. रोगांचीही आता शेअर बाजाराप्रमाणे भाववारी लागते.

हा सगळा डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींचा घरगुती प्रश्न आहे, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे काही कार्यकर्त्यांना वाटण्याचा संभव आहे. पण ज्या ज्ञानावर समाजाने मक्तेदारी दिली आहे, ते ज्ञान कोणत्या हेतूने आत्मसात केले जाते हा सार्वजनिक प्रश्नच असतो. परवाना हा समाजाने दिलेला अधिकार आहे. तो मिळवण्यासाठी तरुण माणूस आपली उमेदीची पाच-सहा वर्षे कशात घालवतो, यावर उद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात बसलेल्या बाईचे प्राण अवलंबून असतात.

शब्दाचे माहेर

हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला. तेथे १९९२ पासून डॉक्टरकीच्या परवान्यासाठी तीन टप्प्यांची एक सामाईक परीक्षा सुरू झाली. हेतू साधा आणि योग्य होता: कोणत्याही राज्यात, कोणत्याही महाविद्यालयात शिकलेला डॉक्टर रुग्णाला अपाय न करण्याइतका तयार आहे की नाही, हे एकाच मापाने पाहावे. अशा परीक्षेत उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढे दोनच निकाल पुरेसे असतात. परंतु तीत तीन आकडी गुण दिले जात होते. निवासी डॉक्टर निवडणाऱ्या रुग्णालयांकडे अर्जांचे ढीग येऊ लागले, तेव्हा त्यांना चाळणीसाठी हा आयता आकडा सापडला. परवान्याची परीक्षा बघता बघता क्रमवारीची परीक्षा बनली. उत्तीर्ण होणे पुरेसे राहिले नाही, शेजाऱ्यापेक्षा दहा गुण अधिक मिळवणे आवश्यक झाले. आणि जेथे दहा गुणांना किंमत येते, तेथे ते दहा गुण विकणारा व्यापारी उभा राहतोच. संक्षिप्त पुस्तके, प्रश्नसंच, ध्वनिचित्रफिती यांचा मोठा बाजार या एका आकड्याभोवती वाढला. विद्यार्थी वर्गात येईनासे झाले, कारण वर्गात शिकवले जाणारे वैद्यक ‘लो-यील्ड’ ठरले.

अखेर जानेवारी २०२२ पासून तेथील पहिल्या टप्प्याचे गुण देणे बंद करावे लागले आणि तो केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा ठेवण्यात आला. पण जागांची चढाओढ तशीच राहिल्यामुळे शर्यत फक्त पुढच्या टप्प्यावर सरकली. दरम्यान आणखी एक गोष्ट घडली. डॉक्टर रुग्णाशी कसे बोलतो, त्याला कसे तपासतो हे प्रत्यक्ष पाहणारा एक भाग त्या परीक्षेत होता. तो खर्चिक होता, त्यासाठी विद्यार्थ्यांना ठरावीक शहरांत प्रवास करून जावे लागे, आणि अमेरिकेतच शिकलेले बहुतेक सर्व जण त्यात उत्तीर्ण होत, हे खरे. परंतु साथीच्या काळात २०२० मध्ये तो थांबला आणि २०२१ च्या जानेवारीत कायमचा बंद झाला. संगणकावर मोजता येणारे उरले, माणसासमोर बसून पाहावे लागणारे गेले. या घटनेचा अर्थ आपल्या राज्यकर्त्यांनी नीट लावला असता, तर त्याच वाटेने जाण्याची घाई त्यांनी केली नसती.

एका दगडात दोन पक्षी

आपल्याकडे काय आहे? पदव्युत्तर प्रवेशासाठी ‘नीट-पीजी’ ही परीक्षा आहे: साडेतीन तासांत २०० बहुपर्यायी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक गुण वजा. परदेशात शिकून आलेल्यांसाठी २००२ च्या नियमांनुसार घेतली जाणारी चाळणी परीक्षा आहे: एका दिवसात ३०० प्रश्न, त्यांतले १५० बरोबर आले तर परवाना, नाही तर पुन्हा सहा महिन्यांनी. या परीक्षेत अलीकडच्या काळात साधारणपणे दहांतून एक ते तीनच विद्यार्थी उत्तीर्ण होत आले आहेत. आणि यांवर कळस म्हणून २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या १५ व्या कलमाने ‘नेक्स्ट’ ही राष्ट्रीय निर्गम परीक्षा योजली. एमबीबीएसची अंतिम परीक्षा, डॉक्टरकीचा परवाना आणि पदव्युत्तर प्रवेशाची गुणवत्ता यादी ही तिन्ही कामे ही एकच परीक्षा करील, असे कायदा म्हणतो. ती तीन वर्षांत लागू व्हावयाची होती. मुदत सप्टेंबर २०२४ पर्यंत वाढवण्यात आली, आणि ती मुदतही परीक्षा न होताच उलटून गेली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या नियमांत तिच्या पहिल्या टप्प्याला ५४० बहुपर्यायी प्रश्न ठेवले होते.

येथे मूळ दोष आहे, आणि तो प्रश्नांच्या संख्येत नाही. परवाना आणि क्रमवारी ही दोन परस्परविरुद्ध स्वभावाची कामे आहेत. परवान्याच्या परीक्षेने उंबरठा दाखवावयाचा असतो. हा उंबरठा ओलांडलेले सर्व जण सारखेच सुरक्षित मानावयाचे असतात, त्यामुळे तेथील प्रश्न रोजच्या, साध्या, चुकू नयेत अशा गोष्टींवर असले पाहिजेत. जुलाब झालेल्या मुलाला किती आणि काय पाजावे, बाळंतिणीचा रक्तस्राव कसा थांबवावा, हे प्रश्न शंभरांतल्या नव्वदांना आले तर परवाना परीक्षा यशस्वी झाली असे म्हणता येते. क्रमवारीच्या परीक्षेला मात्र असा प्रश्न निरुपयोगी असतो. नव्वद जणांना आलेल्या प्रश्नावरून दोन लाखांहून अधिक उमेदवारांना वर-खाली कसे लावणार? तिला आडवळणाचा, दुर्मिळ, फसवा प्रश्न लागतो. एकाच प्रश्नपत्रिकेवर ही दोन्ही कामे लादली की दुसरे काम पहिल्याला गिळून टाकते. अमेरिकेत हे नकळत घडले, आपण ते कायदा करून घडवू पाहत आहोत.

जे मोजले जाते तेवढेच शिकले जाते

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रोम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये एक गोष्ट गणिताने दाखवून दिली, जी कोणत्याही मुकादमाला व्यवहाराने ठाऊक असते. एखाद्या माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांपैकी सहज मोजता येणाऱ्या एकाच कामावर बक्षीस ठेवले, तर तो न मोजल्या जाणाऱ्या कामांतून आपले श्रम काढून घेतो. यात माणसाचा आळस नसतो, बक्षिसाच्या रचनेचा तो अटळ परिणाम असतो. वैद्यकीय विद्यार्थ्याची आंतरवासिता हे याचे उघड उदाहरण आहे. सारे आयुष्य ज्या हातांच्या कौशल्यावर काढावयाचे ते कौशल्य याच वर्षी, वॉर्डात, प्रसूतिगृहात, ग्रामीण केंद्रावर मिळावयाचे असते. परंतु समोर प्रवेश परीक्षा उभी असल्यामुळे हेच वर्ष अभ्यासिकेत नाही तर मोबाइलवरच्या प्रश्नसंचात जाते. विद्यार्थ्याने वॉर्डात चार तास अधिक काढले म्हणून त्याला एकही गुण मिळत नाही. तो त्या चार तासांत शंभर प्रश्न सोडवतो. त्याच्या जागी दुसरा कोणीही हेच करील.

यामुळे ज्ञान नाहीसे होत नाही, ते वेगळ्या आकाराचे होते. याचा एक दाखला कामगार चळवळीच्या घरातलाच आहे. कापसाच्या धुळीने होणारा ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसाचा रोग परीक्षेच्या दृष्टीने उत्तम परतावा देणारा विषय आहे. सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर छाती आवळणे, ही त्याची खूण. ‘सोमवार’ आणि ‘कापूस’ हे दोन शब्द प्रश्नात दिसले की विद्यार्थी दोन सेकंदांत उत्तर देतो. आता भिवंडी, इचलकरंजी किंवा मालेगाव येथील यंत्रमाग कामगार दवाखान्यात येतो तेव्हा काय होते ते पाहावे. तो ‘सोमवार’ म्हणत नाही, ‘कापूस’ही म्हणत नाही. दम लागतो, खोकला जात नाही, एवढेच म्हणतो. काम काय करता, किती वर्षे करता, सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का, हे विचारणे डॉक्टरचे काम असते. धंदा विचारल्याशिवाय रोग कळत नाही, हे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवले. तीनशे वर्षांनंतर तो प्रश्न परीक्षकच प्रश्नपत्रिकेत विचारून मोकळा होतो, डॉक्टरला तो विचारण्याची सवयच लागत नाही. परिणामी कामगाराला खोकल्याची बाटली मिळते. हा रोग कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात नोंदलेला आहे, त्याबद्दल भरपाईचा हक्क आहे, परंतु निदानच कागदावर येत नाही म्हणून तो हक्क कागदावरच राहतो. परीक्षेत ज्या रोगाने हजारोंना गुण दिले, त्या रोगाने कामगाराला एक पैसा दिला नाही.

दुसरा दाखला सार्वजनिक आरोग्याचा. सपाट प्रदेशात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि डोंगराळ व आदिवासी भागात हेच आकडे ३ हजार आणि २० हजार. ही आकडेवारी प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते, कारण ती ‘हाय-यील्ड’ आहे. पण त्या २० हजारांच्या केंद्रात डॉक्टर का नसतो, औषध का संपलेले असते, पावसाळ्यात तेथवर रुग्णवाहिका का पोचत नाही, यांवर चार पर्यायांचा प्रश्न निघत नाही. म्हणून ते अभ्यासक्रमात असूनही अभ्यासात नसते.

तिसरा दाखला अधिक वेदनादायक आहे. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया केव्हा करावी, याची यादी प्रत्येक प्रश्नसंचात सापडते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांबाबत २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. ज्यांनी या शस्त्रक्रिया केल्या त्यांना ती यादी येत नव्हती असे कोण म्हणेल? ज्ञान होते. त्या ज्ञानाचा पैसा करण्यापासून परावृत्त करणारी जी दुसरी गोष्ट असावी लागते, ती कोणी कधी तपासली नव्हती.

याउलट, परीक्षेच्या बाजारात ज्याला भाव नव्हता अशा विषयाने काय करून दाखवले, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, मरत होती. महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी रात्री काढून या दंशात हृदयावर काय परिणाम होतो ते टिपले आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला. १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम प्रसिद्ध केले. पूर्वी शंभरांत पंचवीस-तीस दगावत, तेथे ही संख्या हाताच्या बोटांवर आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू कमी करता येतात हे दाखवले; ते काम १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात आले. या कामांना कोणत्याही प्रश्नसंचाने सुचवले नव्हते. ती त्या त्या मुलखातल्या दुःखाने सुचवली. आजही विंचू आणि साप हे गरिबाचेच शत्रू आहेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. कोणत्या सापाचे विष मज्जासंस्थेवर चालते, हे परीक्षेत बरोबर सांगणारा डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी प्रतिविष टोचावयाला कचरतो आणि रुग्णाला जिल्ह्याला पाठवतो. वाटेत काय होते, ते निकालपत्रात दिसत नाही.

टंचाई कोणी निर्माण केली?

विद्यार्थ्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ते ज्या विहिरीच्या काठी झुंबड करून उभे आहेत, तिचे पाणी कोणी आटवले? महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना दारे उघडण्यात आली. देणगी शुल्काला बंदी करणारा कायदा १९८७ मध्ये झाला. त्याने देणगीची पावती बंद झाली, देणगी बंद झाली नाही. देशात २०१४ पूर्वी एमबीबीएसच्या ५१ हजारांवर जागा होत्या, त्या २०२४-२५ मध्ये १ लाख १७ हजारांवर गेल्या, असे केंद्र सरकार अभिमानाने सांगते. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या खासगी संस्थांच्या हातांत आहेत. ज्या कुटुंबाला तेथील शुल्क झेपत नाही, ते जमीन गहाण टाकून मुलाला रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान वा फिलिपिन्सला पाठवते. तो परत आला की त्याच्यासमोर ३०० प्रश्नांची चाळण ठेवली जाते. त्याला शिकवण्याची जबाबदारी राज्याने घेतली नाही, त्याला अडवण्याची मात्र घेतली.

पदव्युत्तर जागा ७३ हजारांच्या पुढे गेल्या, पण त्यांसाठी धावणारे दोन लाखांहून अधिक. आणि साधा एमबीबीएस डॉक्टर म्हणून सन्मानाने काम करण्याची वाट बंद झाल्यामुळे ही धाव कोणालाच टाळता येत नाही. भोर समितीने १९४६ मध्ये शेतात राबणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून ‘पायाभूत डॉक्टर’ कल्पिला होता. त्याला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण असावे, तो ‘सामाजिक वैद्य’ व्हावा, अशी तिची शिफारस होती. १९८१ मध्ये भारतीय समाजविज्ञान व वैद्यकीय संशोधन परिषदांच्या ज्या संयुक्त अभ्यासगटामागे कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक यांची बुद्धी होती, त्यानेही ‘सर्वांसाठी आरोग्य’ या उद्दिष्टाचा पर्यायी आराखडा समाजाच्या तळापासून वर मांडला. आज हा पायाभूत डॉक्टर अपयशी उमेदवार समजला जातो. विशेषज्ञतेची पदवी नाही म्हणजे अभ्यास अर्धवट राहिला, असे त्याच्या घरचेच त्याला ऐकवतात.

या सगळ्यात ‘गुणवत्ता’ हा शब्द कसा लवचीक आहे, तेही एकदा पाहून घ्यावे. २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा रिकाम्या राहत आहेत असे दिसताच पात्रतेची रेषा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. उणे ४० गुण मिळवणाराही प्रवेशास पात्र ठरला. हे सारे उमेदवार आधीच परवानाधारक डॉक्टर होते, तेव्हा त्यांना पात्र ठरवल्याने आकाश कोसळले असे नाही. परंतु मागासवर्गीय विद्यार्थ्याला राखीव जागा मिळाली की ज्यांना गुणवत्तेचा उमाळा येतो, त्यांना खासगी संस्थांच्या जागा भरण्यासाठी रेषा जमिनीखाली नेताना कोणी तळमळताना पाहिले नाही. गुणवत्ता ही गरिबासाठी भिंत आणि पैसेवाल्यासाठी पडदा आहे, हे त्या एका आदेशाने सिद्ध केले.

हरितक्रांतीच्या काळातले ‘अधिक उत्पादन देणारे वाण’ कार्यकर्त्यांना आठवत असतील. त्यांनी धान्य वाढवले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण ते वाण पाणी, खत आणि भांडवल असलेल्याच्या शेतात उतारा देत होते. कोरडवाहू शेतकऱ्याची कडधान्ये आणि भरडधान्ये संशोधनाच्या आणि पतपुरवठ्याच्या यादीत मागे पडली. ‘हाय-यील्ड’ वैद्यकाचेही तसेच आहे. हजारो रुपयांची वर्गणी भरून प्रश्नसंच घेणारा, एक-दोन वर्षे कमाई न करता घरी बसून अभ्यास करू शकणारा बागायतदार विद्यार्थी येथे पीक काढतो. आंतरवासिता संपताच ज्याला घरी पैसे पाठवावे लागतात, तो कोरडवाहू. ज्युलियन ट्यूडर हार्ट या वेल्समधील खाणकामगारांच्या गावातल्या डॉक्टरने १९७१ मध्ये एक नियम मांडला होता: जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त, तेथे ती सर्वांत कमी मिळते, आणि बाजाराचा शिरकाव जितका अधिक तितका हा नियम अधिक कठोर होतो. तो नियम आता दवाखान्याच्या आधी, अभ्यासिकेतच लागू झाला आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की सामाईक परीक्षा नसेल तर सुमार खासगी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्यांना कोण अडवणार? आक्षेप खरा आहे. रुग्णाला डॉक्टरची पारख करता येत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्राचा पायाच या अज्ञानावर रचला. म्हणून राज्याने परवाना तपासून द्यावा, हे समाजवाद्यांनी तर सर्वांत आधी म्हटले पाहिजे. कोणतीच परीक्षा नको, ही मागणी संस्थाचालकांच्या सोयीची आहे, रुग्णाच्या नव्हे. पण ज्या महाविद्यालयात प्राध्यापक कागदावर आणि खाटा रिकाम्या, त्याला मान्यता द्यावयाची आणि नंतर विद्यार्थ्याची निर्गम परीक्षा घ्यावयाची, हा प्रकार रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला असा आहे. तपासणी संस्थेची आधी झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की वेळ मर्यादित आहे, वैद्यक अफाट आहे, तेव्हा महत्त्वाचे विषय निवडूनच अभ्यासावे लागतात. हेही मान्य. निवड अपरिहार्य आहे. वाद आहे तो ‘महत्त्व’ कोणत्या तराजूत तोलावे याविषयी. जगातील क्षयरोग्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक भारतात आहेत. या देशात ज्या विषयाचा परतावा वाचलेल्या प्राणांत मोजला जाईल, तो विषय विद्यार्थ्याने अवश्य डोक्यावर घ्यावा. असे झाले तर ‘हाय-यील्ड’ या शब्दालाही प्रतिष्ठा येईल. सेवाग्रामच्या महाविद्यालयाने १९६९ पासून खेडे दत्तक घेणे, गावात शिबिरात राहणे हा शिक्षणाचा भाग केला. तेथील स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचाराची प्रश्नपत्रिका असे. देशव्यापी ‘नीट’ आली आणि ती प्रश्नपत्रिका गेली. वेगळ्या तराजूचा प्रयोग या भूमीत झाला होता, तो चालू शकत होता, हे यावरून दिसते.

काय मागावयाचे?

निषेधाचे ठराव पुष्कळ झाले. येथे नेमक्या मागण्या हव्यात. परवान्याची परीक्षा आणि पदव्युत्तर निवड कायद्याने वेगळी करावी, आणि त्यासाठी १५ व्या कलमात दुरुस्ती करावी. परवान्याच्या निकालात गुण छापू नयेत. उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढेच लिहावे, म्हणजे त्या आकड्याचा बाजार मांडता येणार नाही. परवान्यातला निम्मा भाग तरी जिल्हा रुग्णालयात, खऱ्या रुग्णासमोर, बाहेरच्या परीक्षकांच्या देखत व्हावा, आणि तो रुग्णाच्या भाषेत व्हावा. ज्याला मेळघाटातल्या किंवा माणदेशातल्या बाईचे दुखणे तिच्या शब्दांत समजून घेता येत नाही, त्याला तेथे औषध देण्याचा परवाना कसा मिळतो? धंद्याचा प्रश्न न विचारणारा उमेदवार त्या दिवशी अनुत्तीर्ण ठरावा.

कोणत्या विषयाला किती वजन हे देशातील रोगांच्या आणि मृत्यूंच्या प्रमाणावरून ठरवून आयोगाने दरवर्षी जाहीर करावे. प्रश्नसंच आणि अभ्याससाहित्य नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तयार करून प्रत्येक विद्यार्थ्याला मोफत द्यावे. शासकीय महाविद्यालयांतील रिकामी अध्यापकपदे भरावीत. आडात नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? दुर्गम भागात शासकीय सेवा केलेल्यांना पदव्युत्तर प्रवेशात दर वर्षाला दहा टक्के, जास्तीत जास्त तीस टक्के अधिक गुण देण्याची तरतूद २००० च्या नियमांत होतीच, आणि सेवेतल्या डॉक्टरांसाठी राज्यांना वेगळ्या जागा ठेवता येतात असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. ही वाट रुंद करावी, जेणेकरून खेड्यात काढलेली वर्षे हीच अभ्यासाची वर्षे ठरतील. खासगी महाविद्यालयांतील निम्म्या जागांचे शुल्क शासकीय महाविद्यालयांइतके असावे, असे आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये कळवले होते. ते महाराष्ट्रात प्रत्येक संस्थेकडून पाळून घ्यावे.

यांतल्या बहुतेक मागण्या दिल्ली आणि मुंबईकडे करावयाच्या आहेत. पण एक काम तालुक्यातला कार्यकर्ता उद्या सकाळी सुरू करू शकतो. यंत्रमाग, खडी केंद्र, वीटभट्टी, ऊसतोड येथील आपल्या सभासदांना दवाखान्यात जाताना धंदा, किती वर्षे आणि रोज किती तास, हे चिठ्ठीवर लिहून न्यावयास शिकवावे, आणि तो तपशील केसपेपरवर उतरवून घेण्याचा आग्रह धरावयास सांगावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत हा प्रश्न दर बैठकीत विचारावा. आंतरवासितेसाठी येणाऱ्या तरुण डॉक्टरांना शत्रू न समजता वस्तीत न्यावे, कामाच्या जागा दाखवाव्यात. त्यांना बिसिनोसिस माहीत आहे. त्यांनी बिसिनोसिस झालेला माणूस अद्याप पाहिलेला नाही, आणि तो दाखवणे हे कामगार संघटनेला जमण्यासारखे आहे.